आधी घरी वाचायचं

इतरांचं वर्ष कॅलेंडरच्या पानाने बदलतं. आमच्या वसईतल्या गिरीज गावच्या टीचरांचं वर्ष पुस्तकाने बदलायचं. नाताळच्या आधीचा आगमनकाळ सुरू झाला, की पहिल्या रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून त्या घरी यायच्या, कपाटातलं जाडजूड बायबल काढायच्या आणि त्यातलं एक पुस्तक निवडायच्या. बायबल हे एक पुस्तक नाही, ते अख्खं कपाट आहे, असं त्यांचं म्हणणं. निवडलेलं पुस्तक मग पुढच्या आगमनकाळापर्यंत चालायचं. नुसतं वाचायला नव्हे. त्या त्यात बिऱ्हाड थाटायच्या, आणि त्याचा भुर्दंड आम्हा शेजाऱ्यांना पडायचा.

मी त्यांची विद्यार्थिनी. पुढे त्यांच्याच शाळेत मराठी शिकवायला लागले, आणि चर्चमध्ये त्यांच्या हाताखाली वाचक झाले. त्यांची वाडी आणि आमची वाडी यांच्यामध्ये एक मेंदीचं कुंपण, त्यालाही मधे खिंडार. तेव्हा मी सांगते ते ऐकीव नाही, सोसलेलं आहे.

नीतिसूत्रांचं वर्ष घ्या. त्या पुस्तकात कुठेतरी सल्ला आहे, की शेजाऱ्याच्या घरी वरचेवर पाय ठेवू नये, कंटाळतो तो. झालं. वर्षभर टीचर आमच्या फाटकाबाहेर उभ्या राहून बोलायच्या. आई आत बोलवायची, त्या मान हलवायच्या. शेवटी आई चहाचा कप फाटकावर नेऊन द्यायला लागली. येणारेजाणारे विचारायचे, काय हो, भांडण झालं का? आई म्हणायची, भांडण असतं तर मिटवलं असतं, हे बायबल आहे.

स्तोत्रांच्या वर्षी त्या गायल्या. त्यांचा गळा केळीच्या सुक्या पानासारखा होता, वारा लागला की फडफडायचा. कोणी बोललं तर म्हणायच्या, गा असं सांगितलंय, कसं गा ते सांगितलेलं नाही. रूथच्या वर्षी त्यांनी वाडीच्या कडेचं वांगं, वाल, भेंडी काही तोडलं नाही. जुन्या काळी शेताच्या कडा गरिबांसाठी सोडायचे, म्हणून. मागच्या पाड्यावरच्या बाया येऊन टोपल्या भरून न्यायच्या आणि त्यांचा धाकटा भाऊ, ज्याची वाडी लागूनच होती, कुंपणापाशी उभा राहून कपाळाला हात लावायचा. याकोबाच्या पत्रात जिभेला लगाम घालायला सांगितलंय, तर त्या वर्षी टीचर शाळेत जवळजवळ बोलल्याच नाहीत. मुलांना वाटलं आपली सुटका झाली. तसं काही झालं नाही. बोलणाऱ्या टीचरांपेक्षा गप्प टीचर फार वाईट, हे वर्गाला आठवड्याभरात कळलं.

तुम्ही म्हणाल, धर्मवेडी बाई दिसते. मुळीच नाही. कादंबऱ्यांचं त्यांना एवढं व्यसन, की उपवासकाळात आमची माणसं मटण-मासळी सोडतात, टीचर कादंबऱ्या सोडायच्या. मासळी खायच्या. कोणी टोकलं तर सांगायच्या, मासळी सोडून मला काही त्रास होत नाही, मग देवाला ते देऊन काय उपयोग? ईस्टरच्या सकाळी मिस्सेहून आल्यावर आम्ही मटणावर तुटून पडायचो आणि त्या पुस्तकावर.

त्यांच्या घरातल्या सगळ्या पुस्तकांना चर्चच्या जुन्या कॅलेंडरच्या पानांची कव्हरं असायची. बाहेर नाव नाही, काही नाही. संताचं चरित्र आणि खुनाची रहस्यकथा शेजारीशेजारी, दोघांच्या अंगावर चित्रातला तोच मेंढपाळ येशू. पुस्तक हवं असेल तर उघडून दोन पानं वाचायची आणि मग ठरवायचं. माणसाचे कपडे बघून मैत्री करू नये तसं पुस्तकाचंही, असं त्या म्हणत. एकदा एका फादरांनी न उघडताच एक पुस्तक उचललं, मेंढपाळ बघून. आठवड्याने ते परत करायला आले. टीचरांनी काही विचारायच्या आत त्यांनी हळूच विचारलं, याचा दुसरा भाग आहे का?

पुस्तक परत देताना टीचर गोष्ट विचारायच्या नाहीत. एकच प्रश्न असायचा: "मुळाला लागलं का?"

हा प्रश्न वाडीतला होता. केळीच्या आळ्यात पाणी सोडलं की वरची माती लगेच भिजते, चकचकीत दिसते. अडाणी माणूस तेवढ्यावर पुढच्या आळ्याकडे जातो. बोट खुपसून बघितलं तर खाली कोरडं ठणठणीत. टीचर म्हणत, आपलं वाचन बहुतेक तसलंच असतं. वर चकचकीत. त्यांच्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण ऐकून ऐकून सगळं बायबल तिला मुळापर्यंत ठाऊक होतं. मला वाचता येतं म्हणजे माझ्यावर तिच्यापेक्षा जास्त जबाबदारी आली, हे त्या वर्गातही सांगायच्या. वर्गात त्यांचा आणखी एक दंडक होता. उतारा संपेपर्यंत कोणी हात वर करायचा नाही. अर्ध्यावर ज्याला उत्तर सापडतं, त्याला ते उताऱ्यात सापडलेलं नसतं, त्याने ते घरूनच आणलेलं असतं. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे ते त्यांच्यावरच उलटलं.

चर्चमधल्या वाचकांना तयार करायचं काम टीचरांकडे होतं, माझ्या आठवणीच्याही आधीपासून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मिस्सेत शुभवर्तमान फादर वाचतात, पण त्याआधीचं वाचन आणि स्तोत्र आमच्यासारखी साधी माणसं वाचतात. कोणत्या दिवशी काय वाचायचं ते आधीच ठरलेलं असतं, लाल ग्रंथात छापलेलं. त्यात निवड नाही. टीचर उच्चारांना कडक होत्या. घरी 'पानी' म्हणा, वेदीजवळ 'पाणी'. देवाला दोन्ही कळतं, पण शेवटच्या बाकावरच्या माणसालाही कळायला हवं. अडखळलात तर वाक्याच्या मधून उचलायचं नाही, पुन्हा सुरुवातीपासून. आणि सगळ्यांत मोठा नियम: जे वेदीजवळ वाचायचं ते आधी घरी वाचायचं. आरशासमोर नव्हे. ज्या माणसाला ते लागू पडतं, त्या माणसासमोर.

हा नियम किती महाग पडतो, ते मला माझ्या पहिल्याच वाचनाला समजलं. आई-वडिलांचा मान राखा, असा उतारा आला होता. आदल्या आठवड्यात माझं आणि आईचं कडाक्याचं वाजलं होतं. मी टीचरांसमोर उतारा घडाघडा वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, आईला वाचून दाखवलास का? मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, मग रविवारी दुसरं कोणी वाचेल. त्या दिवशी स्वयंपाकघरात, बोंबील साफ करणाऱ्या आईसमोर उभं राहून मी तो उतारा वाचला. आईने हातातली सुरी खाली ठेवली नाही, पण तिचे हात थांबले. शेवटी एवढंच म्हणाली, आवाज चांगला आहे तुझा. रविवारी मी वाचलं तेव्हा मला कागदाकडे बघावं लागलं नाही.

आता त्या बावखलाची गोष्ट.

बावखल म्हणजे आमच्या वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं तळं. जुन्या माणसांनी हाताने खणलेलं. पावसाचं पाणी त्यात साठतं, आसपासच्या विहिरी त्यामुळे गोड राहतात. आमच्याकडे समुद्र लांब नाही. बावखल बुजलं की खारं पाणी आत शिरतं आणि विहीर नासते. टीचरांच्या आजोबांनी खणलेलं बावखल त्यांच्या आणि भावाच्या वाडीच्या मधोमध होतं, आणि भावाला ते बुजवायचं होतं.

भाऊ वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगते. आयुष्यभर त्याने केळी आणि मोगरा पिकवून दादरला पोचवला. वाचनाचं त्याला वावडं. वर्तमानपत्राचं शेवटचं पान, तेही खेळापुरतं. बहीण पुस्तक घेऊन बसलेली दिसली की म्हणायचा, मला जगायचंय, वाचायला वेळ नाय. पण त्याच्या मनाला एक गोष्ट लागून राहिली होती. लग्न झालेला मुलगा पलीकडच्या उमेळे गावात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होता. त्याला परत वाडीत आणायचं, डोळ्यांसमोर ठेवायचं, तर घर बांधायला जागा हवी. जागा म्हणजे बावखलाची. टीचरांचं लग्न झालं नव्हतं, त्यांना मूलबाळ नव्हतं. बहिणीला माझं दुःख काय कळणार, असं तो माझ्या बाबांपाशी बोललाही होता.

आणि नेमकं ते वर्ष उत्पत्तीचं होतं.

उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाकाची गोष्ट आहे. त्याच्या बापाने, अब्राहामाने, खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजवून टाकल्या, आणि इसहाकाने त्या पुन्हा उकरल्या. टीचर हे वाचत होत्या तेव्हाच कुंपणापलीकडे डंपर आला. पहिली गाडी त्या सकाळच्या मिस्सेला गेल्या असताना रिकामी झाली होती. विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळं, फुटक्या लाद्या, सगळं बावखलाच्या एका कोपऱ्यात. दुसरी गाडी आली तेव्हा टीचर प्लॅस्टिकची खुर्ची टाकून काठावर बसल्या होत्या, मांडीवर बायबल उघडं. ड्रायव्हर बिचारा परमुलखातला. हॉर्न वाजवून दमला. तर टीचरांनी त्याला आपल्या भयंकर हिंदीत तो अध्याय ऐकवायला सुरुवात केली. आम्ही सगळे जमलो. इसहाकाच्या नोकरांना पाणी लागलं इथपर्यंत त्या आल्या आणि थांबल्या, तेव्हा इंजिन बंद करून खाली उतरलेला तो ड्रायव्हर म्हणाला, "फिर क्या हुआ, मैडम?"

टीचर म्हणाल्या, बस, इतनाच. ड्रायव्हर थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिला, मग गाडी वळवून निघून गेला. भावाने त्याला किती शिव्या घातल्या त्या मी लिहीत नाही.

इथपर्यंत आम्ही सगळे टीचरांच्या बाजूचे. मीसुद्धा. पण तो मे महिना होता. मे महिन्यात गावच्या क्रूसाकडे संध्याकाळी प्रार्थना असते, आणि मग सगळ्यांना उकडलेले चणे वाटतात. त्या संध्याकाळी चणे खाता खाता कोणीतरी बावखलाचा विषय काढला. भाऊ समोरच उभा होता. टीचर सगळ्यांदेखत म्हणाल्या, आमच्या आजोबांनी खणलं, आणि हा पलिष्टी बुजवतोय. लोक हसले. वाक्यच तसं होतं. पण दुसऱ्या दिवसापासून गावातली पोरं भावाला पलिष्टी काका म्हणायला लागली. पाववाला म्हणायला लागला. साठीतला माणूस, रस्त्याने खाली मान घालून जायला लागला.

बोलणं बंद झालं. डंपर पुन्हा आला नाही, पण कोपऱ्यातला ढीग तसाच राहिला, त्यावर गवत उगवलं. नाताळात दोन घरांमधून फराळाचं ताट गेलं नाही, आलं नाही. टीचर ताठ होत्या. त्यांचं बरोबर होतं, हे सगळं गाव म्हणत होतं, आणि माणसाला बरोबर असण्याची सवय लागली की ती लवकर सुटत नाही.

त्या आगमनकाळात त्यांनी नवीन पुस्तक निवडलं: गणना. मी चकित झाले. ज्यांनी वाचलं नसेल त्यांना सांगते, त्यात पानंच्या पानं नुसती नावं आहेत, कोणत्या वंशात किती माणसं, कोणी कुठे तंबू ठोकायचा. मी विचारलं, टीचर, हे कशाला? त्या म्हणाल्या, जरा शांतता हवी. मी मनात म्हटलं, टोचणार नाही असं पुस्तक शोधून काढलंय बाईंनी.

पण चर्चचा लाल ग्रंथ टीचरांना विचारून उघडत नाही.

जानेवारीत, तीन राजांचा सण होऊन गेल्यावर, त्यांच्या आईची पुण्यतिथी असायची. दरवर्षी त्या दिवशी संध्याकाळची मिस्सा आईसाठी असे आणि दोन्ही घरं येत. वाचन टीचरांचं, स्तोत्र माझं, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. त्या वर्षीही भाऊ आला. बायको, मुलगा, सून, सगळ्यांना घेऊन समोरच्या बाकावर बसला, पण नजर जमिनीवर. टीचर पलीकडच्या रांगेत, माझ्याशेजारी.

वेळ झाली. त्या वाचनपीठाशी गेल्या, ग्रंथ उघडला. योहानाच्या पहिल्या पत्रातलं वाचन होतं. आवाज नेहमीसारखा, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. योहान त्या पत्रात आडपडदा ठेवत नाही. जो भाऊ रोज डोळ्यांना दिसतो त्याच्यावर ज्याला माया करता येत नाही, तो न दिसणाऱ्या देवावर काय करणार, असा त्याचा रोकडा हिशेब आहे. टीचर त्या ओळीपर्यंत आल्या. 'भाऊ' हा शब्द त्यांनी उच्चारला आणि त्या थांबल्या.

आम्हाला वाटलं, चष्मा. मग वाटलं, चक्कर. वेदीवरचे तरुण फादर खुर्चीतून अर्धवट उठले. टीचरांनी मान वर केली. त्यांनी माईक बाजूला केला नाही, त्यामुळे ते सगळ्या चर्चला ऐकू गेलं.

"हे मी घरी वाचलेलं नाही," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी चर्चमध्ये त्यांच्या हाताखालून गेलेले कितीतरी वाचक होते, म्हातारे, तरुण. आम्हाला सगळ्यांना ते वाक्य एका क्षणात कळलं. फादर नवीन होते, त्यांना नाही कळलं. टीचर पायऱ्या उतरल्या आणि सरळ भावाच्या बाकापाशी जाऊन उभ्या राहिल्या. वेदीजवळची शुद्ध भाषा त्यांनी तिथेच ठेवली होती. त्या घरच्या बोलीत बोलल्या.

"बाळा, बावखल नाय बुजवू देनार. पन तुला पलिष्टी बोलले ते माझं चुकलं. सगळ्यांसमोर बोलले, म्हनून सगळ्यांसमोर सांगते."

बायकोने भावाच्या दंडाला हात लावला. मग तो बाकावर सरकला. बायको सरकली, मुलगा सरकला, सून सरकली, आणि कडेला जागा झाली. टीचर त्या जागेवर बसल्या.

वाचन अर्धवट राहिलं होतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी गेले आणि वाक्याच्या मधून उचललं नाही, पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं, कारण तसंच शिकले होते. माझे डोळे भरले होते पण आवाज फुटू दिला नाही. बाकावरून त्या ऐकत होत्या, आणि आवाज फुटला असता तर मिस्सेनंतर माझी खैर नव्हती. शेवटी लोकांनी "देवाला धन्यवाद" म्हटलं, त्यात एक जाडाभरडा आवाज भावाचा होता.

बाहेर आल्यावर दोघं-तिघं कुरकुरले. मिस्सा म्हणजे काय नाटक आहे का, घरची धुणी घरी धुवावीत. मला तेव्हाही अभिमान वाटत होता आणि आजही वाटतो, सरळ सांगते. मी पुष्कळ विद्वान बघितलेत, व्यासपीठावर बोलून खाली उतरतात आणि जसे होते तसेच घरी जातात. वाचलेल्या ओळीने अर्ध्यावर थांबवलेलं माणूस मी एकच पाहिलं, आणि ते आमच्या गिरीजचं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर टीचरांनी मला ओटीवर बोलावलं. उत्पत्तीचा तो अध्याय उघडा होता. म्हणाल्या, वाच. मी विहिरी उकरल्या तिथपर्यंत वाचून थांबले. त्या म्हणाल्या, पुढे. पुढे असं होतं, की इसहाकाने नवीन विहीर खणली, तर लोक तिच्यावरून भांडायला आले. त्याने ती सोडून दिली. दुसरी खणली, तिच्यावरूनही भांडण. तीही सोडली. आणखी पुढे जाऊन तिसरी खणली, तिच्यावरून कोणी भांडलं नाही. तेव्हा त्याने त्या जागेचं नाव ठेवलं रहोबोथ, म्हणजे ऐसपैस जागा.

"मी अर्धाच अध्याय वाचला होता," टीचर म्हणाल्या. "वर्गात पोरांना हात वर करू दिला नाही, आणि स्वतः अर्ध्यावर हात वर करून बसले. त्या ड्रायव्हरने विचारलंसुद्धा होतं, पुढे काय झालं."

त्या दिवशी त्या बावखलाच्या काठाने भावाकडे गेल्या आणि आपल्या ओटीसमोरची जागा त्याला देऊन आल्या. बावखल सोड, जागा माझी घे, एवढंच बोलल्या. ती जागा म्हणजे काय होतं ते आम्हाला माहीत होतं. त्यांचा मोगरा, देशी गुलाब, आणि त्यांच्या आईने लावलेला चाफा, ज्याच्या सावलीत खुर्ची टाकून त्या वाचायच्या. चाफा तोडला त्या दिवशी त्या दार लावून आत बसल्या होत्या. मी चहा घेऊन गेले तर पुस्तक मांडीवर होतं, पान उलटत नव्हतं. त्याच म्हणाल्या, मुळाला लागलं की दुखतं गं, हे मी तुम्हाला शिकवायला विसरले.

मे महिन्यात बावखलातलं पाणी खाली गेलं तेव्हा भावाने स्वतः जेसीबी आणला. कोपऱ्यातला तो ढीग, विटा, लाद्या, सगळं उपसून काढलं, आणि वर आणखी गाळही काढला, जो त्यांच्या आजोबांनंतर कोणी काढला नसावा. पुन्हा सगळं गाव जमलं. टीचर काठावर खुर्ची टाकून बसल्या होत्या, या वेळी हातात पुस्तक नव्हतं. काम संपल्यावर भाऊ चिखलाने माखलेला वर आला आणि बहिणीसमोर उभा राहिला.

"तुझ्या बायबलात लिव," तो म्हणाला. "पलिष्ट्याने बावखल उकरून दिलं."

त्या दिवशी टीचर इतक्या हसल्या, की त्यांना ठसका लागला आणि भावाच्या सुनेला पाणी आणायला धावावं लागलं. पाणी बावखलाशेजारच्या विहिरीचं, गोड.

आज टीचरांच्या ओटीसमोर भाच्याचं घर आहे. त्यावर संगमरवरी पाटी आहे, 'रहोबोथ'. वसई स्टॅंडवरचे रिक्षावाले त्याला रोबोट बंगला म्हणतात. टीचरांना ते कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, पत्ता सापडतोय ना, मग झालं.

शेवटच्या दोन-तीन वर्षांत टीचरांची नजर गेली. छापलेलं काही दिसेना. मला वाटलं, आता ह्या खचणार. पण संध्याकाळी भाऊ त्यांच्या ओटीवर यायचा आणि त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचा, शेवटच्या पानापासून सुरुवात करून. त्या उच्चार सुधारायच्या, तो चिडायचा, पुन्हा वाचायचा. बायबलला मात्र हात लावायचा नाही. ते तुजं काम, असं मला म्हणायचा. ते वाचायला मी जायचे.

मागच्या थंडीत टीचर गेल्या. अंत्यविधीच्या मिस्सेत पहिलं वाचन मी करावं असं घरच्यांनी सांगितलं होतं. मी तयारी केली होती, नियमाप्रमाणे माझ्या माणसांसमोर वाचूनही झालं होतं. चर्च भरलं होतं. त्यांचे विद्यार्थी, पाड्यावरच्या बाया, बदलून गेलेले फादर, रहस्यकथेवालेसुद्धा. मी उठणार तेवढ्यात भाऊ माझ्या बाकापाशी आला. म्हणाला, मी वाचतो.

मी त्याला वाट दिली. खरं सांगायचं तर मला धडकी भरली होती. आयुष्यात कधी चारचौघांत न बोललेला माणूस. तो पायऱ्या चढला, लाल ग्रंथासमोर उभा राहिला, खिशातून चष्मा काढला, पुसला, घातला. मग त्याने समोर, खाली ठेवलेल्या शवपेटीकडे बघितलं.

"हे मी घरी वाचलंय," तो म्हणाला. "सकाळी. तिच्यासमोर."

आणि त्याने वाचायला सुरुवात केली. 'ण' चा 'न' होत होता, एकदा अडखळला, तेव्हा वाक्याच्या सुरुवातीला परत गेला. शेवटपर्यंत वाचलं.